जुना लॅपटॉप आणि एका फेरीचा हिशेब

मोताळ्यात लॅपटॉपचा सुटा भाग हवा असला की वाट दोन बाजूंना फुटते. एकीकडे राजूर घाट चढून बुलढाणा, दुसरीकडे मलकापूर. कुठेही गेलं तरी अर्धा दिवस मोडतो, आणि आणलेला भाग बसला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच एसटी. मोठ्या शहरात चुकीचा भाग तासाभरात बदलून मिळतो. इथे त्या चुकीची किंमत भागाच्या किमतीएवढीच पडते. म्हणून घराबाहेर पडण्याआधी काय हवं ते नेमकं ठाऊक असलं पाहिजे, आणि हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

इथला जुना लॅपटॉप कपाटात पडलेला नसतो. सातबारा काढणं, पीकविम्याचा अर्ज भरणं, शाळेच्या याद्या, दाखल्यासाठी कागद स्कॅन करणं ही सगळी कामं आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या यंत्रांवर अजून चालू असतात. अशी बरीच यंत्रं दोन-तीन भाग बदलले तर आणखी काही वर्षं निभावून नेतात. नवीन घेण्याआधी ते करून बघायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली दहा मिनिटं

"लय हँग मारतो" एवढंच सांगून दुकानात यंत्र ठेवलं की समोरचा बहुतेक वेळा फॉरमॅट मारून देतो. महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. त्याऐवजी घरी दहा मिनिटं द्या. लॅपटॉप चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर जा आणि नेहमीचं काम सुरू करा: ब्राउझर, दोन-तीन टॅब, एखादी पीडीएफ.

डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर चिकटून बसला असेल आणि प्रत्यक्ष वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबीच दिसत असेल, तर अडचण हार्ड डिस्कची आहे. मेमरी नव्वदच्या वर गेली असेल तर रॅम कमी पडतेय. सीपीयू सतत वर आणि पंखा घरघरतोय, तर आधी यंत्र उघडून साफ करायला हवं. दोन आकडे एकदम वर असतील तर मेमरीकडे आधी बघा. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवतं आणि डिस्कही दमते.

मग लॅपटॉप उलटा करा. खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर, बॅटरीवरचं लेबल आणि चार्जरवरची बारीक अक्षरं या तिन्हींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या आपल्या बहुतेक मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअल वेबसाइटवर फुकट ठेवतात. कोणता स्क्रू आधी काढायचा, रॅमच्या जागा किती, जास्तीत जास्त किती जीबी चालते, हे सगळं त्यात चित्रांसह असतं. मला या उद्योगातली सगळ्यात उपयोगी गोष्ट कोणती म्हणून विचारलं तर मी त्या पुस्तिकेचंच नाव घेईन.

डिस्क: सगळ्यात मोठा फरक

जुन्या हार्ड डिस्कमध्ये धातूचा मुलामा दिलेली तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक हात माहिती वाचत सरकतो. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, त्यात हात सरकायचा वेळ वेगळा. हिशेब केला तर विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साठ-सत्तर वेळाच वाचता येतं. विंडोज सुरू होताना मात्र हजारो लहान लहान फाइली मागतं. गाडी रुतते ती इथे.

जुन्या डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं. सगळ्या चिप्सच, त्यामुळे कुठल्याही जागेवरची माहिती जवळपास तत्काळ मिळते. साध्या साटा एसएसडीचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत जातो, जुन्या डिस्कचा शंभरच्या आसपास असतो. पण जाणवतो तो फरक या आकड्यांमुळे नव्हे, लहान फाइली झपाझप मिळण्यामुळे. ज्या यंत्रावर विंडोज उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, ते अर्ध्या-पाऊण मिनिटात कामाला लागतं.

घ्यायची कोणती? साधारण २०१७ आधीच्या बहुतेक लॅपटॉपना अडीच इंची साटा एसएसडी लागते. नवीन एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते, जुनी डिस्क कधी कधी ९.५ची. उरलेल्या फटीसाठी प्लास्टिकची पातळ चौकट मिळते, ती मागून घ्या, नाहीतर डिस्क आत हलते. नंतरच्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.२ प्रकारची एसएसडी बसते. इथे नीट लक्ष द्या. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही, आणि काही लॅपटॉपची जागा दोन्हींपैकी एकच ओळखते. लांबीही वेगवेगळी असते. २२८० लिहिलं असेल तर रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर. हे मॅन्युअलमध्ये बघूनच निघा.

बदलण्याची कृती सोपी आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढता येत असेल तर काढा आणि मग चालू करायचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज उतरते. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की नायलॉनच्या कपड्यांवरून हात फिरवला तरी ठिणगी उडते. ती चिपला पुरते. सुती कपडे घाला आणि हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या एखाद्या धातूला स्पर्श करा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. मी कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या तळाचा आकार काढतो आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी कागदात टोचून ठेवतो. लांब स्क्रू आखूड जागेत फिरवला तर तो थेट मदरबोर्डवर जाऊन टेकतो.

मात्र यातलं काहीही करण्याआधी दोन गोष्टी. पहिली, सगळा डेटा बाहेर काढा. जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केल्या असतील तर ते फॉन्ट आणि लायसन्सही जपा, टॅलीचं डेटा फोल्डर जपा, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड लिहून घ्या. दुसरी, डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू आहे का ते बघा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा किंवा ते आधी बंद करा. ही की हरवली तर डिस्क हातात असूनही माहिती मिळत नाही.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर उतरवता येते. तरीही मी नव्याने विंडोज टाकणंच पसंत करतो. नऊ वर्षांचा साचलेला गाळ नव्या डिस्कवर कशाला न्यायचा?

रॅम: खाच बघून घ्या

चार जीबी रॅमवर आजचा ब्राउझर धापा टाकतो. आठ जीबी असली की अर्ज भरणं, टायपिंग आणि ऑनलाइन वर्ग निभतात. त्यापुढची गरज सहसा फोटो किंवा व्हिडिओचं काम करणाऱ्यांनाच.

पट्टी घेताना पिढी चुकली की फेरी वाया गेली. डीडीआर३ च्या लॅपटॉप पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६०. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एक दुसऱ्यात बसतच नाही. मी स्वतः एकदा नुसतं "आठ जीबी रॅम" एवढंच डोक्यात ठेवून गेलो आणि डीडीआर४ घेऊन आलो. यंत्र होतं डीडीआर३ चं. खाच जुळेना तेव्हा कळलं. तेव्हापासून जुनी पट्टी काढून खिशात घेऊनच निघतो.

एक बारकावा लेबलवर असतो. डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते आणि डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना एल लिहिलेलीच लागते. दिसायला दोन्ही सारख्या, खाचही सारखी, त्यामुळे दीड व्होल्टची पट्टी नीट बसते आणि लॅपटॉप मात्र काळाच राहतो. एल लिहिलेली पट्टी बहुतेक दोन्हीकडे चालते, म्हणून शंका असेल तर तीच मागा.

पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असते. तिथे काही करता येत नाही, आणि हे निघण्याआधीच कळलं पाहिजे.

२०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव जगभर चढले. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली की चिप बनवणारे कारखाने तिकडे वळले. म्हणून भाव फोनवर विचारून मगच जा. बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेली पट्टीही चालते. रॅममध्ये झिजणारं काही नसतं. फक्त आणल्यावर विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक चाचणी एकदा लावून बघा.

धूळ, कापूस आणि मे महिना

साफसफाई बाजारात विकत मिळत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. आपल्या भागात मात्र निम्मं दुखणं इथेच असतं.

गेल्या उन्हाळ्यात एक लॅपटॉप उघडला. तक्रार अशी की वीस मिनिटांत तापतो आणि आपोआप बंद होतो. तळाचं झाकण काढलं तर पंखा दिसायला स्वच्छ होता. पंख्याचं घर उघडून त्याची हवा जिथून बाहेर पडते ती तांब्याची जाळी बघितली, तिथे राखाडी रंगाची गादी बसली होती. चिमट्याने धरून ओढली तर अखंड निघाली, बोटाएवढी लांब, वाकळेच्या चिंधीसारखी. उजेडात धरली तर तिच्यात कापसाचे तंतू होते, धुळीने एकमेकांत वळलेले. यंत्र ज्या खोलीत होतं तिथे दिवाळीपासून कापूस साठवला होता. हवा जायला वाटच उरली नव्हती.

प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग कमी करतो, तरीही उष्णता वाढली तर यंत्र बंद करून टाकतो. मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असतील तर त्याला उसंत आधीच कमी. त्यामुळे वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, यंत्र उघडून साफ करावं. मऊ ब्रश आणि चिमटा एवढं पुरतं. फुंकायचंच असेल तर पंख्याची पाती बोटाने अडवून धरा. मोकळा सोडला तर तो वाऱ्याने भरमसाठ फिरतो आणि खराब होतो. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तिच्यात पाणी असतं, तेलही.

यंत्र पाच-सहा वर्षांचं झालं असेल तर प्रोसेसरवरची पेस्टही वाळून खडूसारखी झालेली असते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवीन लावायची. वरचे स्क्रू त्यांच्या शेजारी लिहिलेल्या आकड्यांच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू आधी घट्ट केली तर चिपवर तिरका दाब पडतो.

बॅटरी आणि चार्जर

लाइट गेली आणि अर्ध्यावर भरलेला अर्ज उडाला, ओटीपी पुन्हा मागवावा लागला, हा अनुभव इथे कोणाला नाही? बॅटरी मेलेला लॅपटॉप चार्जरवर चालतो खरा, पण भारनियमनाच्या गावात तो अर्धाच लॅपटॉप.

लिथियम आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची धारणशक्ती बरीच उतरते. उष्णता हे उतरणं लवकर आणते. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात बनवताना ठरवलेली क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे शेजारी शेजारी येतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्याखाली गेला असेल तर बदला.

नवीन घेताना मॉडेल नंबरासोबत व्होल्ट जुळवा. १०.८ आणि ११.१ व्होल्ट ही एकाच तीन सेलच्या जोडणीची दोन लेबलं आहेत, तसंच १४.४ आणि १४.८ हे चार सेलचं. पण तीनच्या जागी चारची चालत नाही. बनवल्याची तारीखही विचारा, कारण लिथियमची बॅटरी दुकानाच्या फळीवर पडल्या पडल्याही म्हातारी होते. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असतो का? मग सेटिंगमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच कंपन्यांनी दिली आहे, ती लावून टाका.

टचपॅड वर उचललं गेलं असेल, तळ टेबलावर सपाट बसत नसेल, तर आत बॅटरी फुगली आहे. असा लॅपटॉप त्याच क्षणी बंद करा. चार्ज करू नका, बॅटरीला टोचू नका, दाबून झाकण बसवू नका. पॅक काढून घराबाहेर, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

चार्जरचा नियम लहान आहे: व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त. १९.५ व्होल्ट आणि ३.३३ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. त्या जागी ४५ वॅटचा लावला तर तो तापतो आणि बॅटरी नीट भरत नाही. डेल आणि एचपीच्या अनेक चार्जरांत मध्ये एक बारीक पिन असते. तिच्यातून लॅपटॉप चार्जरला ओळखतो. ती वाकली किंवा तुटली की यंत्र चालतं, पण बॅटरी भरत नाही आणि वेगही मंदावतो. बॅटरी बदलायला निघण्याआधी ही पिन बघा.

तीन व्होल्टची टिकली

मदरबोर्डवर बहुधा एक गोल बटणासारखी बॅटरी असते. तिचं नाव सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. लॅपटॉप बंद असताना घड्याळ तीच चालवते. ती संपली की रोज सकाळी तारीख मागे जाते. मग सरकारी वेबसाइट उघडत नाही आणि 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं, कारण वेबसाइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांमध्येच वैध असतं आणि यंत्राच्या मते आज २०१५ साल चालू आहे. डिजिटल सहीही याच कारणाने अडते. लोक विंडोज बदलतात, राउटर बदलतात. आधी कोपऱ्यातली तारीख बघा. लॅपटॉपमधली टिकली बऱ्याचदा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आणि दोन वायरींची असते. नुसती सुटी टिकली आणून भागत नाही, तो जोड बघूनच घ्यावी.

स्क्रीन, कीबोर्ड, बिजागरी

स्क्रीन लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये ३० पिनांची आणि ४० पिनांची, अशी वेगवेगळी पॅनेल निघतात. चौकट उचकून पॅनेलच्या पाठीवरचा त्याचा स्वतःचा नंबर लिहून घ्या. कीबोर्ड काही यंत्रांत चार स्क्रूंत निघतो, काहींत प्लास्टिक वितळवून पक्का केलेला असतो आणि पूर्ण वरचं झाकण बदलावं लागतं. एक-दोन बटणांसाठी तो खर्च मी करणार नाही, यूएसबी कीबोर्ड जोडेन.

बिजागरीचं मात्र पुढे ढकलू नका. उघडताना करकर आवाज येतो, कोपऱ्यात फट दिसते, म्हणजे प्लास्टिकमधली पितळी नट उखडू लागली आहे. तेव्हाच थांबून इपॉक्सीने बसवली तर टिकते. तसंच वापरत राहिलं तर पुढे स्क्रीनची केबल आणि काच जाते.

विंडोज १० नंतर

विंडोज १० ची सुरक्षेची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी करून ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ आधीच्या बहुतेक यंत्रांना ते अधिकृतपणे मिळत नाही, त्यांच्यात कितीही चांगली एसएसडी असली तरी.

विद्यार्थ्याच्या किंवा घरच्या वापरासाठी लिनक्स मिंट हा खरा पर्याय आहे. फुकट आहे, चार जीबीवरही चालतो, युनिकोड मराठी टायपिंग होतं. सेवा केंद्र चालवणाऱ्याने मात्र आधी खात्री करावी. बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, जुना प्रिंटर, यांचे प्रोग्राम बहुधा विंडोज धरूनच बनवलेले असतात. पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघता येतं, डिस्कला हातही न लावता.

कुठे हात आखडायचा

प्रोसेसर बदलणं हा विषय बंद झाला आहे. २०१५ नंतरच्या जवळपास सगळ्या लॅपटॉपमध्ये तो बोर्डवर डाखलेला असतो. मदरबोर्डच गेला असेल तर जुन्या यंत्रात नवीन बोर्ड घालणं क्वचितच परवडतं. माझा हिशेब असा: एसएसडी आणि रॅम मिळून येणारा खर्च वापरलेल्या चांगल्या ऑफिस लॅपटॉपच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असेल तर करा. त्यात स्क्रीन आणि बिजागरीही मोडली असेल तर एसएसडी घ्या, पण ती जुन्या यंत्रात घालून बघून मग बाकीचं ठरवा. अडीच इंची एसएसडी उद्या दुसऱ्या लॅपटॉपमध्येही जाते. बॅटरी आणि स्क्रीन तशा जात नाहीत.

दुरुस्तीचा हक्क ग्राहकाला मिळावा म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. कंपनीकडून सुटा भाग मिळतो का, मॅन्युअल कुठे आहे, हे तिथे शोधता येतं. तालुक्याच्या गावात बसलेल्या माणसाला अशा माहितीची गरज शहरवाल्यापेक्षा जास्त आहे.

काढलेले भाग

जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर यूएसबीच्या केसमध्ये घाला, बॅकअपला उत्तम. ती डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी बसवायची चौकट, म्हणजे कॅडीही मिळते, फक्त तिची जाडी ९.५ की १२.७ मिलिमीटर ते मोजून घ्या. बॅटरी आणि बोर्ड कचऱ्यात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार बोर्ड नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पोचला पाहिजे; बॅटरीला वेगळे नियम आहेत, पण तीही नोंदणीकृत केंद्राकडेच गेली पाहिजे. बुलढाण्याला किंवा मलकापूरला पुढची फेरी होईल तेव्हा दुकानदाराला विचारून सोबत न्या.

डिस्क कोणाला देणार असाल किंवा भंगारात घालणार असाल तर एक काम आधी करा. सेवा केंद्राच्या लॅपटॉपमध्ये शेकडो लोकांचे आधार, पासबुकं आणि दाखले स्कॅन करून ठेवलेले असतात. फाइली डिलीट केल्या किंवा झटपट फॉरमॅट मारला तरी माहिती तबकडीवर तशीच राहते आणि साध्या फुकट प्रोग्रामने परत काढता येते. डिस्कचं प्रत्येक पार्टिशन फॉरमॅट करताना 'क्विक'वरची खूण काढा, म्हणजे विंडोज त्यावर सगळीकडे शून्यं लिहीत जातं. पाचशे जीबीच्या डिस्कला दोन-तीन तास लागतात. रात्री लावून ठेवा, चार्जर जोडून. सकाळी ती देता येते.